अडतिसावा शिक्का

कुरोहारा, ११ फेब्रुवारी २०१८

दादा,

पत्राची सुरुवात हवेने करायची असते, म्हणून आधी हवा. बर्फ कमरेपर्यंत साचलंय, समुद्राकडून वारा सुटला की पुढचं दार उघडत नाही, आणि विमानतळावरची बर्फ ढकलायची यंत्रं पहाटेपासून घरघरतायत. झाली हवा.

तुझं करड्या काठाचं कार्ड डिसेंबरात मिळालं. घरात मृत्यू झाल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा देता येत नाहीत, असा छापील मजकूर, आणि खाली तोमोए वहिनींचं नाव, वय बहात्तर. पत्ता मात्र तुझ्या हातचा होता. एक्केचाळीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. माझं नाव तू अजून जुन्या वळणाने लिहितोस, एक रेघ जास्त. मी दारातच उभी राहून रडले. वहिनींसाठी रडले आणि त्या रेघेसाठीही रडले. वहिनींना मी कधी पाहिलं नाही. दर नववर्षाला त्यांचं कार्ड यायचं, त्यात "हे बरे आहेत" एवढं एकच वाक्य. त्या वाक्यावर मी वर्ष काढायची. आता ते कोण लिहिणार? म्हणून मीच लिहायला बसले.

या वर्षी आपल्या विमानतळाला पन्नास वर्षं होतात. "आपल्या" म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडणार, पडू दे. शहरापर्यंत वेगवान रेल्वे आल्यापासून टोकियोच्या पाच विमानांची दोन झाली. दुसऱ्या मजल्यावरचं नूडलचं दुकान बंद पडलं. त्या रिकाम्या जागेत प्रदर्शन मांडायचं ठरलंय, आणि त्यासाठी मिनामो नावाची एक मुलगी नेमली आहे. इतिहास शिकलेली, चुणचुणीत. लष्कराची धावपट्टी, मग बाबांच्या पिढीची शेती, मग बाराशे मीटरची पट्टी आणि पंख्याची विमानं, मग दोन हजार मीटर आणि जेट, असं सगळं ओळीने लावणार म्हणते.

गावकचेरीच्या विमानतळ विभागातली जिवंत उरलेली मी एकटीच. त्यामुळे ती माझ्या मानगुटीवर बसलीय. "आजी, तुम्ही सांगितलं नाहीत तर मी कागदावर विश्वास ठेवीन हं," म्हणाली. मी म्हटलं, "ठेव की. कागद मीच लिहिलेत."

जुलैच्या आठ तारखेला उघडणार आहे. तू ये. प्रदर्शनासाठी नको येऊस, बाबांसाठी ये. ते जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली, तू त्यांच्या थडग्यावर एकदाही पाणी घातलेलं नाहीस. जमीन द्यायच्या कागदावर सहीचा शिक्का त्यांनी स्वतःच्या हाताने उठवला, हे मी तेव्हा सांगितलं होतं आणि आजही तेच सांगते. म्हातारा माणूस, आजारी माणूस. त्यांच्यावरचा राग आता तरी सोड.

सुमिए


३ एप्रिल २०१८

दादा,

तुझं उत्तर आलं. दोन ओळी, पण आल्या. "मला तिथे बघण्यासारखं काही नाही. बाबांनी माझ्यासमोर तळहात उलटा केला, तो मी विसरणार नाही."

मी ते कार्ड दोन दिवस ओट्यावर ठेवलं होतं. भात लावताना वाचायची, भांडी पुसताना वाचायची. त्याबद्दल लिहीन. आज नाही.

आज दुसरंच सांगते. मिनामोला जुनी कपाटं उपसताना आपल्या वेळचे कागद सापडले. अडतीस घरांची संमतीपत्रं, अडतीस लाल शिक्के. तिच्या दृष्टीने खजिनाच. पोरगी इतकी हरखली होती की हातमोजे घालायची विसरली.

तिने मला बाबांचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. पहिला १९६५चा, उत्तरेकडचं अर्धं रान दिलं तेव्हाचा. तुला आठवतं का? बाबा त्या दिवशी खुशीत होते. "लष्कराने ही जमीन गावाकडून हिसकावून घेतली होती. हे लोक निदान मागायला तरी आले," असं सगळ्यांना सांगत सुटले होते. पण दुसऱ्या अर्ध्याला हात लावू देणार नाही, हेही तेव्हाच म्हणाले होते. युद्ध संपल्यावर मंचुरियाहून परत आले तेव्हा आई, तिच्या पाठीवर तू, आणि एक किटली, एवढाच संसार. वाट्याला आली ती सोडून दिलेली धावपट्टी. खडी आणि डांबर. घण घालून घालून त्यांनी ती फोडली, आणि पाचव्या वर्षी तिथे कलिंगडं धरली. "मी आयुष्यात एकदा धावपट्टीचं शेत केलंय. शेताची धावपट्टी करायला माझ्याकडे दुसरं आयुष्य नाही." त्यांचं हे बोलणं तू विरोध समितीच्या पत्रकावर छापलं होतंस. चिटणीस म्हणून खाली तुझं नाव होतं.

दुसरा कागद १९७७चा, जेटसाठी धावपट्टी वाढवायला उरलेलं अर्धं रान मागितलं तेव्हाचा.

तो कसा झाला, तेवढं लिहिते. आदल्या शरद ऋतूत बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. तू दर हिवाळ्यासारखा बांधकामाच्या कामाला कावासाकीला निघालास. निघताना त्यांच्यापुढे बसून म्हणालास, "मी येईपर्यंत कशावरही शिक्का उठवायचा नाही," आणि त्यांनी मान हलवली. फेब्रुवारीत सदतीस घरांचे कागद आले. उरलं ते फक्त कुनिएदा यांचं, म्हणजे आपलं घर, आणि विभागात बसलेली कुनिएदांची मुलगी. आमच्या विभागाचे कुसाकाबे साहेब रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "काय सुमिए बाई, घरचंच लग्न आणि घरचीच वरात अडवून बसलीय? वर मी काय तोंड दाखवू?" सगळे हसायचे. मीही हसायची.

मी तो कागद रोज घरी न्यायची आणि बाबांपुढे ठेवायची. ते मान फिरवायचे. अकरा दिवस मी असं केलं. अकराव्या दिवशी त्यांनी शिक्का उठवला. डाव्या हाताने. मी त्यांचा हात धरला नव्हता. गावात तसं बोललं गेलं, पण मी हात धरला नव्हता.

बाबांनी स्वतः उठवला, हे खरं आहे. एवढं तरी मान.

सुमिए


२० मे २०१८

दादा,

आज हवा लिहीत नाही.

मागच्या पत्रात मी सगळं खरं लिहिलं आणि तरी फसवलं. कचेरीत बत्तीस वर्षं काढली, ही विद्या मला चांगली येते. पण परवा मिनामोने मला पकडलं. तिला काही कळलेलं नव्हतं, उगाच विचारलं आणि मी पकडली गेले.

म्हणाली, "आजी, १९६५चा शिक्का बघा कसा सुबक आहे. आणि हा ७७चा... हा उलटा पडलाय ना? नाव चक्क डोक्यावर उभं आहे." मग कागदाला टाचलेली पिवळी पडलेली चिठ्ठी वाचायला लागली. "'आजारपणामुळे शिक्का अनवधानाने उलटा उठला आहे. संमती वैध समजावी.' हे अक्षर तुमचं आहे का हो?"

मी म्हटलं, "हो. आजारी होते. चुकून पडला."

ती "बिचारे" म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

दादा, उलटा शिक्का म्हणजे काय, हे मी तुला काय सांगू? नाही म्हणण्याची सोय नसते तेव्हा माणूस तो तसा उठवतो. मी उठवतोय, पण मला हे मान्य नाही. समोरच्याला कळतं, तो बघून न बघितल्यासारखं करतो. पण लिहून ठेवलेलं राहतं.

तो चुकून पडलेला नव्हता. पडूच शकत नव्हता. बाबांच्या शिक्क्याच्या दांड्यावर वरच्या बाजूला खाच होती, त्यांनी स्वतः चाकूने पाडलेली. अंगठा खाचेत बसला की शिक्का सरळ. अंधारातही सरळ. त्या दुपारी मी त्यांच्या शेजारी शेगडीपाशी बसले होते. त्यांनी डाव्या हातात शिक्का घेतला, अंगठ्याने खाच चाचपली. सापडली. मग मांडीवर टेकवून शिक्का अर्धा फिरवला, खाच तळहाताकडे गेली. परत चाचपून बघितलं. आणि मग शाई लावून उठवला. त्यांना एवढं करायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी बघत होते.

आणि उठवला का, तेही ऐक. त्या दिवशी मी चटईवर डोकं टेकवून रडले. म्हटलं, "बाबा, तुम्ही नाही उठवलात तर मला नोकरीवरून काढतील." मला कोणीही तसं म्हटलेलं नव्हतं. कुसाकाबे साहेब टोमणे मारायचे, पण काढण्याची भाषा त्यांनी कधी केली नाही. ते मी माझ्या मनाने जोडलं. मला ते विमानतळ हवं होतं, दादा. जेट यावं, गाव जगावं, आणि विभागातल्या एकुलत्या एका बाईने ते घडवून आणलं असं म्हटलं जावं. सत्तावीस वर्षांची होते. वयाचं कारण सांगत नाही, फक्त किती होते ते सांगते.

कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो आधी सरळ धरला, मग उलटा धरला, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना समजलं होतं.

"म्हातारा भारीच खमक्या आहे की," ते म्हणाले. "आता?"

"आजारी आहेत साहेब."

"आजारी आहेत म्हणजे?"

"म्हणजे हात चालत नाही. चुकून..."

"मग तसं लिहून दे. तुझ्या हाताने दे. मी नाही लिहिणार."

दिली लिहून.

आता तो मार्चातला दिवस. इथपर्यंत मी रोज येते आणि परत फिरते, पण आज लिहितेच. तू कावासाकीहून आलास. गावच्या फळ्यावर "अडतीसपैकी अडतीस" वाचून आलास, बूट न काढता आत गेलास. मी चहा घेऊन दारात उभी होते.

"बाबा, तुम्ही उठवलात?"

त्यांनी मान हलवली.

"स्वतःच्या हाताने? माझी वाटसुद्धा बघवली नाही?"

तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. तळहात तुझ्याकडे धरला आणि उलटा केला. परत सुलटा, परत उलटा. तीनदा, चारदा. तोंडातून आवाज काढत होते.

तळहात उलटा करणं म्हणजे आपल्याकडे शब्द फिरवणं. बाजू बदलणं. लहान मुलालाही कळतं, तुला तर कळणारच. तू म्हणालास, "कळलं. फिरलात तुम्ही," आणि उठलास.

ते सांगत होते की शिक्का उलटा आहे, दादा. शिक्का उलटा उठवलाय, जा, बघ, असं ते तुला सांगत होते. वाचा गेलेल्या माणसाकडे ते सांगायला दुसरं काय होतं? माझ्यापुढे त्यांना नाही म्हणता आलं नाही, म्हणून त्यांनी ते तुझ्यासाठी कागदावर लिहून ठेवलं. तू कागद मागशील, वकिलाला दाखवशील, सगळं अडवशील, एवढा त्यांना तुझ्यावर भरवसा होता.

तू बाहेर पडलास तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले. तू सांग त्याला, असं बघत होते. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सांडलेला चहा पुसत बसले. तू एका वाक्यावर थांबला असतास. ते वाक्य बोलले असते तर माझी चिठ्ठी उघडी पडली असती.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. पहिलं जेट त्यांनी पाहिलं नाही. कधीकधी जेवताना मध्येच हात उलटा करून दाखवायचे, आणि मी "हो बाबा, हो" म्हणून पुढचा घास भरवायची.

तू एक्केचाळीस वर्षं ज्यांच्यावर रागावलास त्यांनी तुझा शब्द मोडला नव्हता. मोडला तो मी.

सुमिए


१० जुलै २०१८

दादा,

तुझं उत्तर नाही. मी रोज पत्रांचा डबा उघडते. मिळालं नाही तर नाही, मला मागायचा हक्क नाही. तरी कळवायचं ते कळवते.

मे महिन्याच्या शेवटी मी मिनामोला खरं काय ते सांगितलं. तिने वही मिटली. मग म्हणाली, "आजी, मी कागदाखालची पाटी बदलू? तुमचं नाव न घालता?" मी म्हटलं नाव घालायचंच, नाहीतर पाटी नको. तिच्या वरच्या माणसाला ते रुचलं नाही. पन्नाशीचा आनंदसोहळा, त्यात हे कशाला, म्हणे. "बाई, इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतंय?" मी त्याला सांगितलं, "मला विचारणारा एकजण आहे, कुशिरोला राहतो." मी तुझ्याबद्दल म्हणत होते, त्याला वाटलं तक्रार करणाऱ्या कोणा बड्या माणसाबद्दल बोलतेय. घाबरून कबूल झाला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही, ही सवय जात नाही.

पाटीवरचा मजकूर असा आहे: "हा शिक्का चुकून उलटा पडलेला नाही. कुनिएदा तोकुजिरो यांनी तो जाणूनबुजून उलटा उठवला. ते संमत नव्हते. सोबतची आजारपणाची चिठ्ठी मी लिहिली, ती खोटी आहे. सुमिए, तेव्हाची कारकून, त्यांची मुलगी."

उघडण्याच्या दिवशी शंभरेक माणसं आली. रिबन कापली, शाळेच्या मुलांनी ढोल वाजवले. गावातली जुनी माणसं त्या काचेपाशी थांबली, वाचलं, माझ्याकडे न बघता पुढे गेली. विरोध समितीतल्या एकाची बायको तेवढी माझ्याजवळ आली. "आमचे हे मरेपर्यंत म्हणायचे, तोकुजिरोने दगा दिला म्हणून आम्ही हरलो." एवढंच म्हणाली. मी तिच्यापुढे वाकले, आणि ती निघून गेली तरी वर बघायचं धाडस झालं नाही.

मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे बसते. कोणी विचारलं तर सांगते. तू ये, असं यावेळी लिहीत नाही.

सुमिए


५ ऑक्टोबर २०१८

दादा,

तू येऊन गेलास.

मला आज कळलं, आणि तेही तिकिटांच्या खिडकीवरच्या मुलीने सहज सांगितलं म्हणून. सप्टेंबरच्या बारा तारखेला, बुधवारी, एक उंच म्हातारे गृहस्थ काठी घेऊन आले, एकटेच. वर गेले, काचेपुढे उभे राहिले. सफाईवाली दोनदा झाडून गेली तरी तिथेच होते. मग कागदापुढे कमरेतून वाकले आणि किती वेळ वाकलेलेच राहिले. ती मुलगी घाबरली, बरं वाटत नाहीये की काय म्हणून धावली. तुझे डोळे कोरडे होते म्हणाली. मला ते खरं वाटतं, तू माणसांसमोर कधी रडला नाहीस.

तू तिला विचारलंस, "या पाटीवरच्या बाई इथे येतात का?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आजोबा."

"म्हणजे आज नाही. बरं."

ते "बरं" तू कसं म्हणालास, हे मी तिला तीनदा विचारलं. सुटल्यासारखं, की वाईट वाटल्यासारखं? तिला सांगता येईना. शेवटी वैतागून म्हणाली, "आजी, ते बरं असंच म्हणाले, बरं!"

त्याच आठवड्यात मी थडग्यावर गेले होते. दगड धुतलेला, शेवाळ खरवडून काढलेलं, खाचांत अडकलेली मातीसुद्धा काडीने काढलेली. मला वाटलं देवळातल्या भटजींच्या बायकोचं काम. मी तिला गोड भाताचे लाडू नेऊन दिले. तिने ते मुकाट्याने घेतले, ती तरी काय करणार.

बाबांशी तुझं मिटलं. मी मागितलं होतं ते हेच, आणि ते मिळालं. माझ्याशी मिटलेलं नाही, हेही कळलं. घर विमानतळापासून पंधरा मिनिटांवर आहे, पत्ता तुझ्याकडे आहे. मी तक्रार करत नाही. तक्रार करायची असती तर हे पत्र इतकं लांब झालं नसतं.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू आलास आगगाडीने. परत मात्र सप्पोरोच्या विमानाने गेलास. ज्या धावपट्टीवर पाय ठेवणार नाही म्हणाला होतास, तिच्यावरून गेलास. त्या मुलीने सांगितलं, तू डावीकडची खिडकी मागून घेतलीस. विमान रिकामंच होतं, कुठेही बसा म्हणाली तरी तू डावीकडचीच म्हणालास.

डावीकडे पश्चिमेच्या टोकाशी, कुंपणाच्या आत, डांबर संपून जो गवताचा पट्टा लागतो, ते आपलं कलिंगडांचं रान. तिथे माणसाला जाता येत नाही. मीही एक्केचाळीस वर्षांत गेलेली नाही. ते फक्त विमानातून दिसतं, चाकं सुटायच्या आधी काही क्षण.

त्या बुधवारी मी घरी होते. ओट्याशी उभी राहून मुळा किसत होते. सप्पोरोचं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा घड्याळाकडे बघितलं, बारा चाळीस झाले होते. आज वेळेवर गेलं, असं मनाशी म्हणाले, आणि उरलेला मुळा किसायला घेतला.

सुमिए